बाप नसलेलं लेकरू आणि घरातल्या पुरुषांची जबाबदारी

वयात येण्याआधी ज्याचे वडील वारले, त्या मुलाला इस्लाममध्ये ‘यतीम’ म्हणतात, आई हयात असली तरी. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच वारले. सहाव्या वर्षी आई आमिनाही गेल्या. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब यांनी त्यांना सांभाळले. इमाम शाफई यांना आईनेच वाढवले. म्हणजे आई कमी पडत नाही. पण सगळा भार तिच्या एकटीवर टाकणे बरोबर नाही.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेले चाचा-मामू पाच-सहा महिने गावात नसतात. अशा वेळी नाना, शिक्षक किंवा इमामसाहेबांनी पुढे यावे. लेकराला उपदेश नको असतो. ठरल्या वेळी येणारा, शब्द पाळणारा, त्याच्या आईशी अदबीने बोलणारा माणूस हवा असतो. तो बघूनच शिकतो.

वडिलांच्या सातबाऱ्यावर मुलांची वारसनोंद लावणे हेही याच पुरुषांचे काम. यतीमचा माल खाणे सूरह निसामध्ये मोठा गुनाह सांगितला आहे. शासनाच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांना १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आईसोबत कुणीतरी जावे.