टांझानियातील शाळा आणि गावचे मास्तर

टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, सरकारी शाळा आणल्या त्या जर्मनांनी. 1890 च्या दशकात टांगा बंदरातल्या शाळेतून त्यांना हवे होते कारकून आणि दुभाषे. शिकवायची भाषा होती स्वाहिली. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या ब्रिटिशांनी खालच्या इयत्तांत स्वाहिलीच ठेवली, पण शाळा चालवण्याचा बराचसा भार मिशनऱ्यांवर सोडला. युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी मुलांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यांवरचा खर्चही वेगळा. ताबोराच्या सरकारी शाळेत शिकलेले ज्युलियस न्येरेरे पुढे दार-एस-सलामजवळच्या पुगू इथे मिशनच्या शाळेत शिकवत. 1955 मध्ये राजकारणासाठी त्यांनी ती नोकरी सोडली; लोक मात्र त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत राहिले.

1961 च्या स्वातंत्र्यानंतर वंशवार शाळा बंद झाल्या. 1967 मध्ये राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी स्वावलंबनाचे शिक्षण मांडले: प्राथमिक शाळा ही मूठभरांना माध्यमिक शाळेत पोचवणारी शिडी नसावी, शाळेला स्वतःचे शेत असावे. मुलाच्या हातातली कुदळ सुटावी म्हणूनच त्याला शाळेत घालणाऱ्या आईबापांना हे फारसे रुचले नाही. 1969 च्या कायद्याने मिशनच्या शाळाही सरकारकडे आल्या.

खरी उडी 1974 ची. मुसोमा इथे सत्ताधारी ‘तानू’ पक्षाने ठरवले, की 1977 पर्यंत प्रत्येक मुलाला प्राथमिक शाळा मिळालीच पाहिजे. आधीचे उद्दिष्ट 1989 चे होते! विखुरलेल्या वस्त्या ‘उजामा’ म्हणजे सामूहिक गावांत आणल्या जात होत्या, त्यामुळे शाळेसाठी मुले एका जागी सापडत. प्रश्न होता मास्तरांचा. तेव्हा सातवी झालेल्या तरुणांनाच वर्गावर उभे केले गेले. दिवसातला काही वेळ ते शिकवत, उरलेल्या वेळात टपालाने आलेले धडे, रेडिओ आणि फिरते मार्गदर्शक यांच्या आधाराने स्वतः शिकत. तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमातून तीस हजारांहून अधिक शिक्षक तयार झाले. दर्जाबद्दल झालेली टीका खोटी नव्हती; पण ते नसते तर अनेक गावांत शाळाच उघडली नसती.

माध्यमिक शाळेचे दार मात्र अरुंदच राहिले, आणि तिथे पोचलेल्या मुलांसमोर एकदम इंग्रजी माध्यम यायचे. 1978-79 मध्ये युगांडाशी झालेले युद्ध, तेलाचे भाव आणि कर्ज यांनी 1980 च्या दशकात तिजोरी रिकामी केली. शिक्षकांच्या पगाराची किंमत घसरली, फी परत आली, पट घटला. 2001 मध्ये प्राथमिक शाळेची फी पुन्हा रद्द झाली, तेव्हा वर्ग एकाएकी ओसंडले आणि शिक्षक पुन्हा घाईने तयार करावे लागले: एक वर्ष अध्यापक विद्यालयात, दुसरे थेट वर्गावर.