अंगणाला दगड घालताना

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. "अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतोय. दारापासून थेट कंपाउंडपर्यंत. आई परवा चिखलात घसरली. हाड मोडलं नाही हे नशीब."

आमचं घर वाईजवळच्या एका खेड्यात आहे. अंगणात तुळशीवृंदावन, एका कोपऱ्यात आड आणि वडिलांनी लावलेला कडुनिंब. आई शहात्तर वर्षांची आहे. खरं तर मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आठवडाभर थांब." दादा चिडला. "चिखल काढायला तू येणार आहेस का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस-बावीस वर्षांत मी त्या घरात सलग दोन महिनेही राहिलेलो नाही. पण थांब म्हणायला एक जुनं कारण होतं, आणि रायपूरला आल्यापासून त्यात काही नवी कारणं जमा झाली होती. ती सगळी एकदा नीट मांडावीत म्हणून हे लिहितोय.

रायपूरपासूनच सुरुवात करतो. हे शहर चुनखडक आणि शेल यांच्या थरांवर वसलेलं आहे. छत्तीसगडचं खोरं म्हणजे एका अतिप्राचीन उथळ समुद्राचा तळ. गाळ थरावर थर साचत गेला, त्यामुळे इथला चुनखडक बऱ्याच ठिकाणी पापुद्र्यासारखा सुटतो. पहार घालून उचकटला की फरशी तयार. इथे तिला 'फर्शी पत्थर' म्हणतात. आपल्याकडच्या शहाबादी फरशीची ही दूरची बहीण. जुन्या वस्त्यांमधून फिरताना ती पायऱ्यांना, ओट्यांना, गटारांच्या झाकणांना, तळ्यांच्या घाटांना लावलेली दिसते. याच चुनखडकावर आसपासचे सिमेंट कारखाने चालतात. म्हणजे रायपूरच्या अंगणातली जुनी फरशी आणि नवा सिमेंटचा ब्लॉक, दोघांचं मूळ एकच.

आमच्या सह्याद्रीतला काळा पाषाण असा सुटत नाही. तो सुरुंग लावून फोडावा लागतो आणि पाथरवटाने टाकी चालवून घडवावा लागतो. एक चौरस फूट घडीव दगड म्हणजे कुणाची तरी बरीच मेहनत. त्यामुळे जुन्या मराठी घरात दगड तोलूनमापून वापरला जाई. जोतं, पायऱ्या, आडाचा काठ, वृंदावन, धुण्याचा दगड, पागोळ्या पडतात तिथली पट्टी आणि ऐपत असेल तर मधला चौक. बाकीचं अंगण शेणाने सारवलेली माती. पाय जिथे रोज पडतो आणि पाणी जिथे रोज आपटतं, तेवढ्याच जागेला दगड.

दगड किती टिकतो हे पाहायचं तर पुण्यातला शनिवारवाडा आठवावा. १७३० साली पायाभरणी झालेला हा वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत जळाला. सागवानी मजले, नक्षीचे दिवाणखाने, सगळं गेलं. आज आपण तिकीट काढून आत जातो तेव्हा काय पाहतो? तट, दरवाजे, दगडी जोती, चौक आणि हजारी कारंज्याचा हौद. माणसं ज्याला घर म्हणत होती ते संपलं, आणि घराभोवतीचा, पायाखालचा दगड उरला.

इथून ऐंशी-एक किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. तिथेही हेच. राणी वासटा हिने सातव्या शतकाच्या सुमारास बांधवलेलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे आणि ते अजून उभं आहे. जवळच आनंदप्रभू कुटी विहार. तो १९५०च्या दशकात उजेडात आणला मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने. मध्ये उघडा चौक, भोवती दगडी खांबांची ओसरी, ओसरीमागे भिक्षूंच्या खोल्या. छप्पर नाही, वरचा मजला नाही. तरी त्या चौकात उभं राहिलं की कळतं, माणसं कुठून आत यायची, कुठे बसायची, पाऊस कुठे पडायचा. आपल्या वाड्याच्या चौकाची मांडणी याहून फार वेगळी नाही.

मराठे या मुलखात आले ते नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७४१ साली भास्करपंतांनी बंगालच्या वाटेवर रतनपूर घेतलं. पुढे रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले स्वतः रतनपुरात येऊन राहिले आणि १७८७ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. रतनपूरच्या रामटेकरीवरचं राममंदिर त्यांचं. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. ते यायचे, वसूल गोळा करायचे आणि जायचे. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती कारभार गेला आणि कर्नल अॅग्न्यू यांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. मराठी कुटुंबं मात्र इथे टिकली. तात्यापारा हे नाव ऐकलं की अजूनही मराठी कान टवकारतात. 'पारा' म्हणजे इथल्या बोलीत वस्ती.

बिंबाजी आणि सुभेदार यांच्यातला हा फरक मला बदलीवर फिरणारा माणूस म्हणून टोचतो. ज्याला पुढचे तीस पावसाळे तिथेच काढायचे असतात, तो बांधताना वेगळा विचार करतो. ज्याला दोन वर्षांत जायचं असतं, तो वेगळा.

आता माझं जुनं कारण. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका ठिकाणी, मी युनिटचा क्वार्टरमास्टर होतो. इन्स्पेक्शन अकरा दिवसांवर आलं होतं. फौजेत एक विनोद आहे: जे हलतं त्याला सलाम ठोका, जे हलत नाही त्याला चुना लावा. वाटेच्या कडेने तिरक्या रोवलेल्या, एकाआड एक गेरू आणि चुना लावलेल्या विटा तुम्ही प्रत्येक छावणीत पाहिल्या असतील. त्यांची थट्टा होते, पण त्या बिनकामाच्या नाहीत. इंग्रजी काळातल्या छावण्यांच्या वाटा मुरमाच्या होत्या. मुरूम धुमसाने ठोकून बसवायचा आणि तो पावसात कडेने वाहून जाऊ नये म्हणून विटांची कड रोवायची. पाणी मुरमात जिरायचं, मुरूम विटेला अडायचा.

मी ते सगळं काढून टाकलं. फॅमिली क्वार्टर्ससमोरच्या मुरमाच्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा घालून घेतला. मध्ये एक जुना कडुनिंब होता. त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवलं, कारण मोकळं आळं 'अस्वच्छ' दिसत होतं. इन्स्पेक्शन उत्तम झालं. पाठीवर थाप मिळाली.

पहिल्याच मोठ्या पावसात एका हवालदाराच्या घरात घोट्याएवढं पाणी शिरलं. कोब्याचा ढाळ आम्ही पाहिलाच नव्हता. गव्हाची कोठी भिजली, मुलीची दहावीची पुस्तकं भिजली. तो मला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या पावसाळ्याआधी माझी बदली झाली. पुढे एकदा तिथले सुभेदारसाहेब भेटले, तेव्हा जाता जाता म्हणाले, "साहेब, वो नीम सूख गया." बदलीवरचा माणूस आपल्या कामाचा दुसरा पावसाळा क्वचितच बघतो.

मग दोष सिमेंटच्या ब्लॉकचा का? इथे मी थोडं वाचलं आणि माझा एक समज मोडला. पेव्हर ब्लॉकचा जन्म हॉलंडमधला. तिथली जमीन पोकळ, खचणारी. म्हणून रस्ते वाळूवर सुट्या विटा बसवून करायचे. जमीन खचली की विटा उचलायच्या, सपाट करायचं, पुन्हा बसवायच्या. दुसऱ्या महायुद्धात रॉटरडॅमवर मे १९४० मध्ये बॉम्ब पडले आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. युद्धानंतर घरं बांधायलाच विटा पुरेनात, तेव्हा रस्त्यांसाठी त्याच आकाराचे काँक्रीटचे ठोकळे वापरात आले. पुढे जर्मनीत एकमेकांत अडकणारे आकार निघाले. आपल्याकडे या ठोकळ्यांसाठी २००६ साली आयएस १५६५८ हे मानक आलं.

म्हणजे पेव्हरचा मूळ गुण असा: खाली खडी, तिच्यावर वाळू, दरजांत वाळू, सिमेंटचा कुठेही थेंब नाही. ठोकळे कडेच्या पट्टीमुळे जागेवर राहतात, जसा आमचा मुरूम विटांच्या कडेमुळे राहायचा. थोडं पाणी दरजांतून उतरतं आणि बिघडलं की उचलता येतं. आपण काय करतो? खाली पीसीसी ओततो, दरजा सिमेंटने भरतो, आणि कोब्यालाच नक्षी काढल्यासारखं करून ठेवतो.

हे रायपुरात डोळ्यांसमोर दिसतं. हे तळ्यांचं शहर: बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा, कटोरा तालाब, आणि कंकाली तालाब, ज्याला चहूबाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. जमीन सपाट असल्यामुळे पाणी अडवायचं आणि साठवायचं हे जुन्या लोकांनी ओळखलं होतं. पावसाळ्यात इथे भरपूर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. गावाकडची इथली घरं पाहिली तर मागे भाजीची 'बारी' असते आणि पुढे सारवलेलं अंगण. दोन्ही ठिकाणी पाणी जिरतं. नव्या कॉलन्यांत फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत ठोकळे. पावसाचं सगळं पाणी एकाच वेळी रस्त्यावर येतं, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरापर्यंत ते अंगण तव्यासारखं गरम राहतं.

आमच्या कॅम्पसजवळ एक म्हातारा मिस्त्री फर्शी बसवत होता. दोन संध्याकाळी त्याच्याजवळ उभा राहिलो. तो फरशीचा गुळगुळीत भाग वर ठेवत नव्हता. खडबडीत बाजू वर. खाली चाळलेला मुरूम, ठोकून. दोन फरश्यांत बोटभर दरज. ढाळ तो पाण्याच्या नळीने तपासत होता. मी विचारलं, दरज सिमेंटने का नाही भरत? तो वर न बघताच म्हणाला, "पानी ला रद्दा चाही, साहेब." पाण्याला रस्ता हवा.

दादाच्या अंगणाचा हिशेब मी त्याच रात्री केला. तीस फूट गुणिले चाळीस फूट, म्हणजे साधारण एकशे अकरा चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरचा एक जोरदार पाऊस त्याच्यावर पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी. एक छोटा टँकर. आज त्यातलं बरंचसं मातीत, आडाच्या आसपास आणि कडुनिंबाच्या मुळांशी जातं. भिंतीपासून भिंतीपर्यंत बंद केलं तर तो टँकर जाणार कुठे? आमच्या अंगणाचा उतार रस्त्याकडे नाही, शेजारच्या काकूंच्या पडवीकडे आहे.

आणि तरीही दादाची गोष्ट खरी आहे. आई घसरली. 'मातीचं अंगण किती छान' असं रायपुरात बसून म्हणणं सोपं आहे. तिला पायाखाली कोरडं आणि घट्ट हवं आहे, आणि ते या पावसाळ्यातच हवं आहे.

म्हणून मी कागदावर पेन्सिलने नकाशा काढला. दारापासून वृंदावनापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत आणि फाटकापर्यंत चार फुटी वाट. वृंदावनाभोवती प्रदक्षिणेपुरता चौथरा. फरशी शहाबादी चालेल, पण पॉलिशची नको, टाकी मारून खडबडीत केलेली. खाली मुरूम, दरजांत वाळू, दोन्ही कडांना रोवलेला दगड. दहा फुटाला दोन इंच ढाळ, आणि तो आडाच्या बाजूला असलेल्या खडीच्या चरीकडे. आडात थेट नाही, गढूळ पाणी आत जाता कामा नये. जिन्याच्या पायरीपाशी आईला हात धरायला बुटका कट्टा. कडुनिंबाभोवती पाच फूट काहीही नाही. बाकीच्या जागेत मुरूम ठोकून घ्यायचा. चिखल होणार नाही आणि पाणीही अडणार नाही. दादाला पेव्हरच हवे असतील तर तेही चालतील, पण सिमेंटशिवाय, वाळूवर. खर्च पूर्ण अंगण झाकण्यापेक्षा कमीच यावा, कारण झाकायची जागा तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाही.

नकाशाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "चिखल काढायला येईन असं खोटं सांगत नाही. रजा मंजूर झाली तर फरशी बसवायला मात्र येतो."

दोन दिवस काही उत्तर नाही. काल रात्री आलं: "आड तू उलट्या कोपऱ्यात काढलायस. इतक्या वर्षांत एवढंही लक्षात नाही? दुरुस्त करून पाठव. मुरूम कुठे मिळतो ते मी बघतो."

आज रजेचा अर्ज टाकला आहे.