नावाची जागा रिकामी

इजिप्त म्हटलं की डोळ्यांसमोर आधी ममी येते. तीसुद्धा हॉलिवूडवाली, पट्ट्या सुटलेली, हात पुढे करून चालणारी. माझंही तसंच होतं. मग ब्रिटिश म्युझियममधल्या एका पपायरसबद्दल वाचलं आणि दोन वीकएंड त्यातच गेले.

हा पपायरस अनी नावाच्या कारकुनाचा. देवांच्या नैवेद्याचा हिशोब ठेवणारा माणूस, म्हणजे अकाउंट्सवाला. काळ ख्रिस्तपूर्व १२५० च्या आसपासचा, लांबी तब्बल ७८ फूट. १८८८ साली म्युझियमच्या वॉलिस बज साहेबांनी तो लक्सॉरला मिळवला आणि (हे वाचून पोटात गोळा आला) हाताळायला सोपं जावं म्हणून कापून त्याचे ३७ तुकडे केले. असो.

अशा गुंडाळ्यांना आपण 'बुक ऑफ द डेड' म्हणतो. हे नाव रूढ केलं लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने, १८४२ मध्ये. मूळ इजिप्शियन नावाचा अर्थ साधारण 'दिवसाउजेडी बाहेर पडणं' असा होतो. मला हे नाव फार आवडलं. मेलेल्या माणसाला थडग्यात पडून राहायचंच नाहीये, त्याला उन्हात यायचंय!

आधी ही सोय फक्त राजाला होती. ख्रिस्तपूर्व २३५० च्या सुमारास उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर मंत्र कोरले गेले. पुढे अधिकारी मंडळी ते आपल्या शवपेट्यांवर लिहून घेऊ लागली आणि त्यानंतर आले पपायरस. आता ज्याला परवडेल त्याला परलोक. कारखान्यासारखं काम चालायचं. लेखनिक मंत्र आणि चित्रं आधीच तयार करून ठेवत, मृताच्या नावाची जागा रिकामी सोडत आणि गिऱ्हाईक आलं की नाव भरत. अनीच्या पपायरसमध्येही बऱ्याच ठिकाणी त्याचं नाव वेगळ्या हातानं नंतर घातलेलं दिसतं. सरळ सरळ मेल मर्ज हो! काही गुंडाळ्यांमध्ये तर ही जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिलीये. म्हणजे कुणीतरी स्वर्गाच्या दारात बिननावाचा फॉर्म घेऊन उभा आहे.

आता मुख्य प्रसंग. शव टिकवताना मेंदू नाकावाटे काढून फेकून द्यायचे, पण हृदय जागेवर ठेवायचे, कारण इजिप्शियन लोकांच्या मते माणूस विचार करतो तो हृदयानं, आणि केलेलं सगळं तिथेच साठतं. ओसायरिसच्या दरबारात हे हृदय तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात मातचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं एकत्र. अनुबिस काटा बघतो, थोथ नोंद करतो आणि शेजारी अम्मित टपून बसलेली असते. तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय जड भरलं की ती ते गिळते. नरक वगैरे भानगड नाही, माणूस संपला. आपल्या चित्रगुप्ताच्या वहीत निदान पुढच्या जन्माची सोय तरी असते.

त्याशिवाय बेचाळीस देवांसमोर एकेक पाप नाकारायचं. चोरी केली नाही, खून केला नाही, वजनात मारलं नाही, पाटाचं पाणी अडवलं नाही, चोरून ऐकलं नाही, आवाज चढवला नाही. (या शेवटच्या कलमावर आमची अख्खी टीम अम्मितच्या पोटात जाईल.)

पण खरी गंमत तिसाव्या मंत्रात आहे. हा मंत्र हृदयाला उद्देशून आहे. आईकडून मिळालेल्या हृदयाला मृत माणूस विनवतो, की बाबा रे, दरबारात माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. तो हिरव्या दगडाच्या भुंग्यावर कोरून ममीच्या छातीवर ठेवत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वैतागलो. एवढी कडक परीक्षा घ्यायची आणि वर साक्षीदार फोडायचीही सोय ठेवायची? पण मग वाटलं, बेचाळीस वेळा 'नाही' म्हणणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे आतून ठाऊक असणारच. त्याला देवांची नाही, स्वतःची भीती वाटतेय. हे मला पटतं. रात्री दोन वाजता जाग आली की आपल्याविरुद्ध बोलणारं दुसरं कोण असतं?

असा एक फार जुना भुंगा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सोबेकेमसाफ नावाच्या राजाचा. या नावाचे दोन राजे झाले आणि भुंगा नक्की कुणाचा यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण त्यातल्या एकाच्या थडग्याचं काय झालं ते मात्र लेखी आहे.

ख्रिस्तपूर्व १११० च्या सुमारास, नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, अमुनपानेफर नावाच्या पाथरवटाला पकडलं गेलं. त्याचा जबाब शिल्लक आहे. तो आणि त्याचे साथीदार तांब्याची अवजारं घेऊन खडक फोडत आत शिरले. राजा सोन्यानं मढलेला होता, शेजारी राणी नुबखास. त्यांनी ममींवरचं सोनं आणि ताईत काढले आणि शवपेट्या पेटवून दिल्या. १६० देबेन सोनं मिळालं, आठ जणांत प्रत्येकी २० देबेन, म्हणजे जवळपास पावणेदोन किलो.

हे परके लुटारू नव्हते. याच देवांना मानणारे, याच तराजूच्या गोष्टी ऐकत मोठे झालेले लोक होते. शरीर गेलं की परलोकही गेला, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग हात कसा धजावला? 'त्यांचा विश्वास नव्हता' हे सोपं उत्तर मला पुरत नाही. विश्वास होता आणि घरात दाणा नव्हता, असंही असू शकतं. त्याआधी साधारण पन्नास वर्षं, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी शिधा थकला म्हणून काम बंद पाडलं होतं. नोंद असलेला जगातला पहिला संप तोच.

अमुनपानेफर जबाबात पुढे सांगतो, की त्याला आधीही एकदा पकडलं होतं. त्यानं आपल्या वाट्याचं वीस देबेन सोनं तिथल्या कारकुनाला दिलं आणि सुटला. साथीदारांकडे परत गेला, त्यांनी त्याचा वाटा भरून दिला आणि सगळे पुन्हा कामाला लागले.

या जबाबाचा पपायरस दोन तुकड्यांत आहे. एक न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत. दुसरा १९३५ साली ब्रुसेल्समध्ये एका लाकडी मूर्तीच्या पोटात सापडला.