देवाच्या दरबाराची कुळकथा

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १८६९ ते १८७३ या काळात कल्याणात शिकले. पुढे साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनी ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसायचं, अशी ती कल्पना. पण एकत्र बसण्याचा हा खटाटोप महाराष्ट्रात टिळकांच्या जन्माआधीच सुरू झाला होता, आणि तोही एका पावाच्या तुकड्यावरून.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस मंडळी निघाली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. दार मात्र लावलेलं. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटणार या धसक्याने मंडळी विस्कटली. त्यांच्या भित्रेपणाला हसणं सोपं आहे. पण वाळीत पडणं म्हणजे मुलीचं लग्न अडणं, मयताला खांदा न मिळणं. एवढं आठवलं की हसू येत नाही.

जे त्यांनी दाराआड केलं, ते ख्रिस्ती मंडळीत उघड्यावर होत होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले. प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांना एकच. तरी बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात लगेच धुऊन निघाली, असं कुणी समजू नये. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा सोवळं बरोबर घेऊनच आल्या. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे मनाला पटलं तेव्हाच त्यांनी ते सोडलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही सगळी ओढाताण त्यांनी स्वतःलाच चिमटे काढत सांगितली आहे. एका घरातला समेट इतका सावकाश होतो, तर गावाचं काय सांगावं!

टिळकांना दुसरंच खुपत होतं. बाप्तिस्मा घेतला की माणूस घराला, भाऊबंदांना तुटतो. मग ख्रिस्त आवडतो, पण आपली माणसं सोडवत नाहीत, अशाने बसायचं कुठे? १९१७ साली मिशनची नोकरी सोडून, भगवी वस्त्रं घालून त्यांनी दरबार उभारला तो अशांसाठी. मोठमोठ्या प्रवचनांपेक्षा त्यांचा भरवसा अभंगावर, भजनावर होता. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच रुळवलं होतं, त्यामुळे टाळ-मृदंग मंडळीला परका नव्हता. माझ्या मते दरबाराची खरी करामत इथेच आहे: एका सुरात गाणाऱ्याला शेजाऱ्याचा दाखला मागायला सवड मिळत नाही.

९ मे १९१९ला टिळक गेले आणि दरबार मावळला. तो त्यांच्या एकट्याच्या ओढीवर चालला होता. शिवाय सभासदांची यादी बाप्तिस्म्यावरून करणाऱ्या चर्चला तो पेलणाराही नव्हता. एकत्र बसण्याचा खटाटोप मात्र थांबला नाही. टिळकांना मानणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. इंग्रज आणि हिंदी माणसं एका आश्रमात, एका पंगतीला राहू लागली. पुढे आदिवासींचा अभ्यासक म्हणून गाजलेला व्हेरिअर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आला, तो याच संघात राहायला.