औरंगजेबाचा वाढदिवस, मुक्काम ड्रेस्डेन

ऑक्टोबर १७०७. ड्रेस्डेनमधल्या योहान मेल्खिओर डिंग्लिंगर या दरबारी सोनाराच्या कारखान्यात तुम्ही शिरता, तेव्हा भट्टी पेटलेलीच असते. मध्ये येऊ नका. त्याचा भाऊ गेऑर्ग फ्रीडरिख चिमट्यात बोटाएवढा सोन्याचा सेवक धरून उभा आहे. सेवकाच्या झग्यावर काचेच्या बारीक पुडीचा लेप वाळलाय. तो भट्टीत जातो. लेप वितळून चकाकला की लगेच बाहेर काढायचा. उशीर झाला तर मीना ओघळतो, घाईने गार केला तर तडकतो. शिवाय एका फेरीत भागत नाही. जास्त आच लागणारे रंग आधी, कमी आच सोसणारे नंतर. म्हणजे दर खेपेला आधीची सगळी मेहनत पणाला लावायची.

सेवक गार झाला की भिंग मागून घ्या. झग्याची प्रत्येक घडी वेगळी पडलीय, पगडीचा पीळ मोजता येतो, भुवईला लहर आहे. या कामात डिंग्लिंगर बंधूंचा हात धरणारा युरोपात कोणी नाही, हे तुम्ही मुकाट कबूल करता.

आता मागे वळा. असे शंभराहून जास्त सेवक, सरदार, हत्ती, उंट जिथे गोळा झालेत तो दरबार तिथे मांडलाय. जवळजवळ दीड मीटर रुंद. पायऱ्या चढत वर छत्राखाली बसलाय तो दिल्लीचा बादशहा औरंगजेब. आज त्याचा वाढदिवस, सगळे नजराणे घेऊन आलेत. हिरेच ४,९०९, माणकं आणि पाचू वेगळे. तुम्ही बादशहाकडे बघू लागता, तर खालचा हिरा डोळ्यांत घुसतो. हिऱ्याकडे वळावं, तर शेजारचा उंट खुणावतो. नजर कुठेच ठरत नाही. डिंग्लिंगर हिंदुस्थानात कधी आलेला नाही. प्रवासवर्णनं वाचून त्याने हे रचलं, आणि चिनी धाटणीची माणसंही दरबारात आणून बसवली.

तुम्हाला मात्र एक गोष्ट ठाऊक आहे. खरा बादशहा सात महिन्यांपूर्वी, ३ मार्चला, अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत वारला. १७०१ मध्ये इथे कामाला हात लागला, तेव्हा तो पन्हाळ्याला वेढा घालून होता. पुढे विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. १७०२ च्या पावसात विशाळगडाहून परतताना त्याच्या फौजेची सह्याद्रीतल्या ओढ्यांनी दैना केली. वाढदिवसाला सोन्यारुप्याने तुला करून घ्यायची रीत त्याने स्वतःपुरती केव्हाच बंद केली होती. खुलताबादला त्याची कबर उघड्या आभाळाखाली, साधी मातीची आहे.

पण डिंग्लिंगरची चूक अज्ञानाची नाही. कल्पनेतला बादशहा कसाही असू शकतो. अडचण वेगळी आहे. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याने स्वतःच्या पैशाने, भावांना घेऊन ते उभं केलं. एरवी गिऱ्हाईकाची थैलीच सोनाराला कुठेतरी थांबवते. इथे ‘पुरे’ म्हणणारं कोणी नव्हतं. जे जमत होतं ते सगळं आत आलं.

गिऱ्हाईकही मिळालं ते तोलामोलाचं. सॅक्सनीचा ऑगस्टस ‘बलवान’ नुकताच स्वीडनपुढे नमून पोलंडचं सिंहासन गमावून बसला होता. चहूकडून नजराणे येताहेत असा दरबार त्याला का आवडला, हे वेगळं सांगायला नको. ५८,४८५ थेलर किंमत ठरली. त्याला ही गर्दी डोळ्यांवर येत नव्हती. तो गर्दीच विकत घेत होता. त्याच्या रुचीला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

तरी आजच्या ड्रेस्डेनमध्ये, राजवाड्यातल्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ संग्रहालयात हा दरबार बघताना एक करून पाहा. सिंहासन सोडा, कडेचा एकच सेवक निवडा आणि त्याच्यापुढे पाच मिनिटं थांबा. रुचीची वानवा नव्हती. ती एकेका मूर्तीत शाबूत आहे, मांडणीत मात्र हरवली. यातले निम्मे हिरे काढून घेतले असते, तरी काम तसूभर उणं झालं नसतं. उलट मीना नीट दिसला असता.