वेबवरून फाइल-वाटप: एफटीपीपासून वेबडॅवपर्यंत
घरी बसून तुम्ही प्रयोगशाळेतल्या डेस्कटॉपवरची फाइल उघडता, तेव्हा दोन जुने प्रश्न सुटलेले असतात. पहिला, फाइल पाठवायची कशी? आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना, एप्रिल १९७१ मध्ये, एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला.

दुसरा प्रश्न अधिक चिवट. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचता येत, तशी संपादितही करता येत. पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर मात्र बहुतांशी वाचनापुरतेच उरले. वेबवरून थेट लिहिण्याची सोय फेब्रुवारी १९९९ मध्ये वेबडॅव या मानकाने दिली. त्याने एचटीटीपीला जोडलेल्या आज्ञांपैकी मला ‘लॉक’ सर्वांत महत्त्वाची वाटते. दोघांनी एकच फाइल उघडून बदलली, तर नंतर साठवणारा पहिल्याचे काम पुसून टाकतो. (प्रकल्प-अहवाल असे बुडालेले मी पाहिले आहेत.) कुलूप ते टाळते.

एफटीपीला आज्ञांसाठी एक आणि फाइलींसाठी दुसरी जोडणी लागते, त्यामुळे फायरवॉलशी त्याचे नेहमी वाजते. वेबडॅव वेबच्याच ८० किंवा ४४३ पोर्टवरून जाते. डेस्कटॉपवर अपाची बसवून त्यातले डॅव मॉड्यूल तुम्हीही चालू करू शकता. पण आधी एचटीटीपीएस लावा. नाहीतर बेसिक पद्धतीत पासवर्ड नुसत्या बेस-६४ रूपात जातो, आणि तो कोणालाही उलगडता येतो.