उशाशी अणुकेंद्र असताना छतावर सोलर कशाला?

बोईसरमध्ये रूफटॉप सोलरचा विषय काढला की मला हमखास ऐकू येतं, "अरे, तारापूरचं अणुकेंद्र शेजारी आहे, मग हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासूनच्या, आणि अणुवीज बनताना कोळसा जळत नाही. पण तिथून वायर थेट आपल्या घरात येत नाही ना! सगळी वीज ग्रिडमध्ये जाते, आणि ग्रिडमध्ये सर्वात मोठा वाटा कोळशाचाच. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला 500 मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे. दुपारी तुमच्या छतावर एक युनिट बनलं की ग्रिडवरची मागणी तेवढी घटते. अणुभट्टी सहसा एकसारखी चालवतात, त्यामुळे कमी होतं ते मुख्यतः कोळशाचं जळण.

किती? देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. 3 किलोवॅटची सिस्टीम, म्हणजे अंदाजे 300 चौरस फूट मोकळं छत, वर्षाला 4 हजारांच्या आसपास युनिट देते. म्हणजे वर्षाला पावणेतीन टनांच्या घरात. इन्व्हर्टरच्या ॲपवर "इतकी झाडं लावलीत" असं छान दिसतं, पण मी तिकडे बघत नाही. युनिटचा आकडा घ्या, 0.7 ने गुणा, झालं.

जुलैत मात्र हा आकडा पार खाली येतो. आपल्याकडचा पाऊस माहितीये. एप्रिल-मेमध्ये जास्तीची वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि बिलात वळती होते.

एक गोष्ट विक्रेते पटकन सांगत नाहीत: लाईट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. बॅकअप हवा तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर, खर्च वाढतो.

2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि पुढे 78 हजार रुपये सबसिडी आहे. अर्ज मोबाईलवरून होतो, बिलावरचा ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर मात्र भरू नका.

फ्लॅटमध्ये राहता? छत सोसायटीचं असतं. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीच्या नावे अर्ज करता येतो, किलोवॅटमागे 18 हजार.

चिंचणी, दांडीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा लोखंड खाते. तिथे पॅनलखालचा सांगाडा चांगल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचाच घ्या.